पावसाचं माप

पाऊस मोजायचा तो मिलिमीटरमध्ये, एवढं मला ठाऊक होतं. सर्कलच्या गावाला पर्जन्यमापक आहे, तिथला आकडा पेपरात येतो. आमच्या वडलांचं माप त्याहून जुनं. दारात दगडी उखळ होतं. ते वळवाच्या पावसात काठोकाठ भरलं की वडील म्हणायचे, "झालं, आता औत काढा." पाऊस मोजायच्या ह्या दोनच तऱ्हा मला माहीत. तिसरी तऱ्हा दाखवली ती थोरल्या नातीनं, २०२३ च्या मे महिन्यात, माझ्या वयाच्या सहासष्टाव्या वर्षी.

आमचं गाव भोर तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. भाताची खाचरं, वर वरई-नाचणीची रानं, आणि जूनपासून चार महिने डोक्यावर ढग. नात म्हणजे माझ्या मुलीची मुलगी. पुण्यात एमएस्सी करत होती, विषय फिजिक्स. मी दहावीला गणितात कसाबसा पास झालेला, त्यामुळं ती काय शिकते हे मी कधी खोलात विचारलं नव्हतं. त्या मे महिन्यात ती सुट्टीला आली ती ट्रान्झिस्टरएवढी एक पेटी घेऊन. पेटीला वायर, वायरीच्या टोकाला टॉर्चसारखी नळी. कॉलेजातल्या सरांकडून मागून आणलेला गायगर काउंटर.

"आबा, वळीव कधी येईल?" आल्या आल्या तिनं विचारलं.

"वळवाला काय पोराबाळांसारखी चिठ्ठी पाठवायची असते व्हय?" मी म्हणालो. "पण दोन दिवसांत येईल. उकाडा बघ की."

ती दोन दिवस कोरडंच मोजत बसली. ओसरीत, गोठ्यात, विहिरीवर. पेटी मधूनच टक् करायची, मग थोडं थांबून टक्-टक् करायची. मी विचारलं, "काहीच नाही तर ही वाजतीय कशानं?" ती म्हणाली, काहीच नाही असं कुठंच नसतं. मातीत, दगडात, विटांत, माणसाच्या अंगात थोडा थोडा किरणोत्सर्ग असतोच. आपल्या अंगात जे पोटॅशियम असतं, त्यातलं एक जातीचं पोटॅशियम दर सेकंदाला चार हजारांवर कण फुटतं. आपला काळा कातळ तर ह्या बाबतीत फार गरीब. केरळच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी वाळूतच थोरियम आहे, तिथं ही पेटी कितीतरी जोरात वाजेल. आमच्या ओसरीत मिनिटाला सरासरी २४ टक्‌टक् झाले. तिनं तो आकडा वहीत लिहिला आणि खाली लिहिलं, 'कोरडं माप'.

तिसऱ्या दिवशी चार वाजता पूर्वेकडून काळं आलं. वारा सुटला, कडकडलं, आणि टप टप करत वळीव कोसळला. पुतण्याचा ट्रॅक्टर अंगणात उभा होता. पाव तास पाऊस पडू दिला आणि मग ही पोरगी डोक्यावर खताची गोणी घेऊन पळाली, कागदी रुमालानं ट्रॅक्टरचं बॉनेट पुसलं, पुन्हा पुसलं, त्याच रुमालाची घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि नळीखाली ठेवली.

पेटी वेड्यासारखी वाजायला लागली. मिनिटाला १३८.

आमच्या ओसरीत तोवर दहा-बारा माणसं आडोशाला आली होती. एक जण म्हणाला, "आयला, म्हंजे हा पाऊस जहरी हाय काय?" दुसऱ्यानं मोबाइल काढून आकड्याचा व्हिडिओ घेतला. पुतण्याच्या बायकोनं भिजत असलेल्या पोरांना हाताला धरून आत ओढलं. डेअरीला दूध घालणारा एक जण म्हणाला, "ताई, गुरं भिजली समदी. दुधाचं काय?" पाच मिनिटांत आमच्या ओसरीत पंचायत भरली.

नातीचा चेहरा उतरला. पण पोरगी धीराची. ती म्हणाली, "व्हिडिओ पाठवू नका. पाठवायचाच असला तर तीन तासांनी पाठवा. तोवर इथं बसा आणि बघा." आधी तिनं कालच्या हंड्यातल्या पाण्यात दुसरा रुमाल बुडवून तोही नळीखाली धरला. २३. म्हणजे रुमालात काही नव्हतं, पेटी बिघडलेली नव्हती. मग पुतण्याच्या हातात खडू दिला आणि म्हणाली, "दर अर्ध्या तासानं दारावर आकडा लिहायचा."

लाइट गेलेली. चहा झाला. बाहेर पाऊस थांबला, मातीचा वास सुटला. अर्ध्या तासानं पुतण्यानं दारावर लिहिलं, ८४. एका तासानं ५४. दीड तासानं ३८. पहिल्यांदा जो ओरडला होता तोच वाकून बघायला लागला आणि म्हणाला, "ही तर उतरतीय की!" तीन तासांनी २५ आले. म्हणजे पुन्हा कोरडं माप.

"कोरड्या मापाचे २४ वजा करा," नात म्हणाली. "११४ होते, अर्ध्या तासानं ६० राहिले, एका तासानं ३०. म्हणजे साधारण अर्ध्या तासाला निम्मं. हे आजचं नाही. १९०२ साली विल्सन नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञानं ताजं पावसाचं पाणी आटवून हेच मोजलं होतं. त्यालाही साधारण अर्ध्या तासात निम्मंच मिळालं होतं."

मग तिनं आमच्या भाषेत समजावलं. मातीत आणि दगडात थोडं युरेनियम असतं. त्याची वंशावळ लांबलचक. युरेनियमच्या पोटी पिढ्यान् पिढ्या उतरत रेडियम, रेडियमच्या पोटी रेडॉन. रेडॉन वायू आहे, म्हणून तो जमिनीतून बाहेर पडून हवेत जातो. हवेत त्याची पोरं होतात, शिसं आणि बिस्मथ, ती धुळीला चिकटतात. पाऊस पडला की धुळीसकट खाली. ही पोरं अल्पायुषी. एकाचं अर्धायुष्य सत्तावीस मिनिटं, दुसऱ्याचं वीस. म्हणून संध्याकाळी रुमाल निवला. पृथ्वीवर पाऊस पडायला लागल्यापासून तो असाच पडतोय.

"म्हंजे आमच्या आज्या-पणज्याच्या डोक्यावरबी हाच पडला," दूधवाला म्हणाला आणि चप्पल घालून धार काढायला गेला. बाकीचे पण उठले. व्हिडिओ कुणी पाठवला नाही.

एवढ्या सगळ्या गोंधळात आमची ही मात्र घरातून बाहेर आली नाही. चहासुद्धा तिनं सुनेच्या हाती पाठवला. नातीला ते खटकलं. "आजीला काय झालं?" तिनं मला विचारलं. मी म्हणालो, "तुझ्या आजीचं आणि पावसाचं जुनं भांडण आहे." पण पोरगी सोडते का? मग तिला १९८६ सालचं सांगावं लागलं. आज इथंही सांगतो.

त्या साली २६ एप्रिलला तिकडं युक्रेनमध्ये, तेव्हाच्या रशियाच्या राज्यात, चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. आम्हाला रेडिओवरून कळलं, पेपर दुसऱ्या दिवशी यायचा. माझा एक चुलतभाऊ मुंबईत गिरणीत होता, संपानंतर गावी आलेला. पारावर बसून तो पेपर मोठ्यानं वाचायचा आणि पेपरात नसलेलंही वाचायचा. तो म्हणाला, ते विष ढगात गेलंय आणि औंदाच्या पावसातून ते इथं उतरणार. पुढं मुंबईत आयर्लंडहून आलेल्या लोण्याचं प्रकरण गाजलं, पार सुप्रीम कोर्टात गेलं. तज्ज्ञांची समिती बसली, लोणी खायला धोक्याचं नाही असं ठरलं. पण गावात बातमीचा पहिला निम्मा भागच येतो. निकाल येईस्तोवर पारावर दुसरी बातमी आलेली असते.

आमची ही तेव्हा पोटुशी होती. थोरली मुलगी सहा वर्षांची. जुलै उजाडला तेव्हा हिला सहावा सरून सातवा लागला होता. आई म्हणाली, "पोटुशी बाई हाय, औंदाचा पाऊस तिच्या अंगावर घिऊ नगंस." मी म्हणालो, "मग लावणी कोण करणार?" तरवा पिवळा पडायला लागला होता. माणसं मिळत नव्हती, मिळाली तर द्यायला पैसे नव्हते. ही काही बोलली नाही. पाठीवर इरलं घेतलं आणि खाचरात उतरली. अकरा दिवस वाकून लावणी केली. इरल्याखाली पाठ कोरडी राहते, पण बाकीचं अंग चिखलात आणि पाण्यात.

श्रावणात एका रात्री हिला कळा सुरू झाल्या. दिवस भरले नव्हते. ओढ्याला पूर आलेला, पलीकडं जायचा रस्ता पाण्याखाली. सुईण होती, तिनं तिच्या परीनं केलं. पोरगा होता. रडला नाही. सकाळी मी त्याला बांधाच्या कडेला ठेवून आलो. परत आलो तर आई उंबऱ्यात बसली होती. एवढंच म्हणाली, "म्या सांगत हुते, त्या पावसात नगं."

ते वाक्य आमच्या घरात राहायला आलं ते सदतीस वर्षं राहिलं. आई गेली तरी ते गेलं नाही. आमच्याकडं बायका पागोळीखाली हंडा लावायच्या. पागोळीच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजते. हिनं तो हंडा पुन्हा कधी लावला नाही. पहिल्या पावसात आमच्या पोरांना, पुढं नातवंडांना, हिनं कधी भिजू दिलं नाही. पोरं रडायची, मी काही बोलायचो नाही. मी बोलणार तरी कुठल्या तोंडानं? तिला त्या पावसात मीच उभं केलं होतं.

नातीनं ऐकून घेतलं. रात्री जेवणं झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. "आबा, चेर्नोबिलच्या पावसाचा हिशोब आपण करू या का?"

"त्या पावसाचं पाणी आता कुठून आणणार?"

"पाणी नाही. पण हिशोब करता येतो."

तिनं आधी मला दोन जाती सांगितल्या. संध्याकाळी मोजलेला किरणोत्सर्ग निसर्गातला. आणखी एक निसर्गातलाच आहे, तो वरून येतो. अवकाशातले किरण वरच्या हवेवर आपटतात आणि तिथं बेरिलियम तयार होतं, त्रेपन्न दिवसांत निम्मं होणारं. तेही पावसातून खाली येतं. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल आणि त्यांच्या सोबत्यांनी १९५० च्या दशकातच पावसाच्या पाण्यात असं बेरिलियम शोधून काढलं होतं. मला ह्याचं नवल वाटलं. आपल्या मुंबईतली माणसं पावसाच्या पाण्यात ताऱ्यांकडून आलेल्या किरणांची खूण हुडकत होती, आणि आम्ही त्याच पावसात गुरं राखत होतो.

दुसरी जात माणसानं केलेली. बॉम्बच्या चाचण्यांची आणि अपघातांची. आयोडीन, सिझियम, स्ट्रॉन्शियम, आणि जास्तीचं ट्रिटियम. हे सगळं ह्या पेटीला ओळखता येत नाही, ती नुसती मोजते, कोण आलं ते सांगत नाही. ओळखायचं तर पुष्कळ लिटर पाणी आटवायचं, ते शिशाच्या जाड कोठीत ठेवलेल्या यंत्रापुढं तास न् तास ठेवायचं. प्रत्येकाच्या किरणाची ताकद वेगळी, त्यावरून नाव कळतं. मी म्हणालो, "गुरं अंधारात घरी येताना घुंगराच्या आवाजावरून कुठला बैल आला ते कळतं, तसं." ती म्हणाली, "अगदी तसंच." ट्रिटियमचा कण तर इतका अशक्त की तो पेटीच्या नळीत शिरतच नाही. त्यासाठी पाणी उकळून शुद्ध करून एका चमकणाऱ्या द्रावणात मिसळतात आणि त्या चमका मोजतात.

"तुमचा जन्म १९५७ चा ना?" तिनं विचारलं. "मग तुम्हाला एक सांगते. १९४५ पासून मोठ्या देशांनी उघड्या हवेत बॉम्ब फोडले. १९६३ साली अमेरिका, रशिया आणि ब्रिटननं करार करून ते थांबवलं. फ्रान्स आणि चीननं तरी चालूच ठेवले, चीननं १९८० पर्यंत. जगभरच्या पावसाचे नमुने गोळा करायचं काम १९६० च्या सुमाराला सुरू झालं, त्यात मुंबई-दिल्लीचा पाऊसही होता. पृथ्वीच्या आपल्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागात पावसातलं ट्रिटियम सगळ्यात जास्त कधी होतं माहितीय? १९६३ च्या सुमाराला."

१९६३ साली मी सहा वर्षांचा होतो. आम्ही पोरं उघडी-नागडी पागोळीखाली उभी राहायचो, तोंड वर करून पाणी प्यायचो. त्या पावसाबद्दल कुणी आम्हाला एक शब्द सांगितला नव्हता. ज्याची बातमी आली त्याला आम्ही भ्यालो, ज्याची आली नाही त्यात नाचलो.

"आता आयोडीन," ती म्हणाली. "चेर्नोबिलच्या पहिल्या दिवसांत सगळ्यात घातक ते. आठ दिवसांत निम्मं होतं. घरात जुनी मापं आहेत ना?"

माळ्यावर वडलांची मापं होती. मी खाली काढली, धूळ पुसली. पायली, अडशेरी, शेर, मापटं, चिपटं, कोळवं, निळवं. नव्या वाचकांसाठी सांगतो, ह्यातलं प्रत्येक माप आधीच्याच्या निम्मं. पायलीच्या निम्मी अडशेरी, अडशेरीच्या निम्मा शेर, आणि असंच उतरत शेवटी निळवं. एका पायलीत चौसष्ट निळवी. ही मापं लहानपणी मला तोंडपाठ होती.

तिनं पायलीभर भात घेतलं. "हे २६ एप्रिलचं. समजा ते सगळंच्या सगळं आपल्या डोक्यावर आलं. तसं आलं नाही, पण समजा." आठ दिवस झाले, अडशेरीत ओतलं. सोळा दिवस, शेर. चोवीस, मापटं. बत्तीस, चिपटं. चाळीस, कोळवं. अठ्ठेचाळीस, निळवं. "अठ्ठेचाळीस दिवस म्हणजे १३ जून. मृग लागून जेमतेम आठवडा झाला. आजी खाचरात कधी उतरली?"

"दहा जुलैच्या आसपास."

"म्हणजे आणखी तीनदा निम्मं करा." तिनं निळव्यातलं भात हातावर घेतलं, निम्मं टाकलं, पुन्हा निम्मं, पुन्हा निम्मं. तळहातावर चिमूटभर दाणे राहिले.

मी त्या दाण्यांकडं बघत राहिलो. दोन रकान्यांचं हे गणित मला दहावीला नाही, दुसरीलाच येत होतं.

"पण सिझियम असं निवत नाही," तिनं लगेच सांगितलं. ती लपवणारी पोरगी नाही. "त्याला निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात. १९८६ सालचं आजही निम्म्याला थोडं कमी एवढं शिल्लक आहे. तिथं प्रश्न असा की पडलं किती. ज्या दिवशी तो ढग वरून जात होता, त्याच दिवशी जिथं पाऊस झाला, तिथं जास्त पडलं. ब्रिटनमध्ये वेल्सच्या आणि कंब्रियाच्या डोंगरांत मे महिन्याच्या सुरुवातीला जोराचा पाऊस झाला. तिथल्या कुजकट, ओल्या मातीतून सिझियम गवतात आलं, गवतातून मेंढ्यांत. तिथल्या मेंढपाळांवर विक्रीची बंधनं आली. शेवटचं बंधन उठलं २०१२ साली."

"सव्वीस वर्षं?"

"सव्वीस वर्षं. आणि युक्रेन, बेलारूसमध्ये तर गायींनी ते गवत खाल्लं, लेकरांनी ते दूध प्यायलं. हजारो लेकरांना गळ्याच्या ग्रंथीचा कॅन्सर झाला. आपल्याकडं त्याचा माग लागला, पण फार थोडा. इतका लांबून विखरून आलेला, तोही अवजड यंत्रांनाच कळेल एवढा."

म्हणजे चुलतभाऊ पूर्ण खोटं बोलत नव्हता. पावसातून ते उतरतं, हे खरं होतं. किती, कुठं आणि कधी, हे तीन शब्द त्याच्याकडं नव्हते, आणि आम्हीही ते विचारले नव्हते.

ही दाराआड उभी होती. कधीपासून, कळलं नाही. बाहेर आली, नातीसमोर खाली बसली आणि म्हणाली, "मंग माझं पोर कशानं गेलं?"

नात गप्प झाली. मग हळू म्हणाली, "ते मला मोजता येत नाही, आजी. पण तेवढ्या पावसानं नाही."

ही बराच वेळ निळव्याकडं बघत होती. आणि मी बघत होतो जमिनीकडं, कारण मला एक आकडा माहीत होता. तो मी पस्तीस वर्षं कुणाला सांगितला नव्हता.

१९८८ साली हिला पुन्हा दिवस गेले. त्या वेळी मात्र मी घाबरून हिला तालुक्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन निघालं सहा. डॉक्टर मला बाहेर घेऊन आले आणि म्हणाले, "बाळंतपणात ही बाई दगावली असती. मागच्या खेपेला रक्त तपासलं होतं का?" मी म्हणालो, "नाही." ते म्हणाले, "अंगावर काम किती होतं?" मी त्याचं उत्तर दिलं नाही. लोहाच्या गोळ्या चालू झाल्या, इंजेक्शनं झाली, मी हिला त्या साली खाचरात उतरू दिलं नाही. १९८९ साली आमचा मुलगा झाला, धडधाकट. पण डॉक्टरांचा प्रश्न मी घरी आणला नाही. आई म्हणत राहिली पावसानं, ही समजत राहिली पावसानं, आणि मी ते तसंच राहू दिलं. पावसाचा दोष थोडा माझा होता, बराचसा रशियाचा. रक्ताचा दोष सगळा माझ्या दाराशी येत होता.

त्या रात्री मी तो आकडा हिला सांगितला. नातीसमोरच सांगितला. मागच्या खेपेलाही तसंच असणार, पोर त्यानंच गेलं असं कुणी लिहून देणार नाही, पण तुला वाकून अकरा दिवस लावणी करायला लावली ती बाई रक्तानं रिती होती, आणि ते मोजायला मी कधी नेलं नाही.

ही रडली नाही. म्हणाली, "मला ठावं हुतं. डाक्तरीन बाई आत मला बी बोलली हुती." थोड्या वेळानं म्हणाली, "तुम्ही सांगाल म्हनून वाट बघत हुते."

पुढं आमच्यात त्यावर बोलणं झालं नाही. नात मापं पुसून पुन्हा एकात एक घालून ठेवत होती, त्याचा तेवढा आवाज.

जुलैत नात पुन्हा आली. ह्या खेपेला मोसमी पाऊस, तीन दिवस सलग. तिनं तसंच बॉनेट पुसलं. ह्या वेळी पेटीनं दाखवले ५१ च. मेमध्ये १३८ आणि आता एवढेच का, म्हणून पुतण्यानं विचारलं. तिनं उत्तर द्यायच्या आधी मी म्हणालो, "वळीव जमिनीवरचा, हा समुद्रावरचा." ती हसली. तेच खरं होतं. रेडॉन जमिनीतून निघतो, समुद्रातून जवळजवळ निघत नाही. मोसमी वारा समुद्रावरून येतो म्हणून त्यात रेडॉनची पोरं थोडी. वळवाचा आणि मृगाचा पाऊस वेगळा, हे आम्हाला बापजाद्यांपासून ठाऊक. वळवाच्या पावसाचा वास वेगळा, थेंब वेगळा. पेटीनं त्याला एक आकडा दिला एवढंच.

त्या जुलैत आमच्या सुनेला पाचवा महिना होता. लावणीला माणसं कमी होती, दर वर्षी असतातच. सुनेला खाचरात पाठवायचा विषय कुणी काढला नाही. ही स्वतः तिला घेऊन दर महिन्याला दवाखान्यात जायची. परत आली की पिशवी ठेवायच्या आधी चष्मा लावून कागद बघायची. हिला अक्षरं जुळवत वाचावी लागतात, पण आकडे येतात.

दारावर पुतण्यानं खडूनं लिहिलेले वळवाचे आकडे अजून होते, १३८, ८४, ५४, ३८, २५. मी पुसायला गेलो तर ही म्हणाली, "राहू द्या." त्याच्या शेजारी तिनं नातीकडून दुसरा रकाना लिहून घेतला. आषाढात ९.२, श्रावणात ९.९, भादव्यात १०.८. एक रकाना उतरणारा, एक चढणारा. घरी येणारं माणूस विचारायचं, हे कसलं? ही सांगायची, "ह्यो पावसाचा, आन् ह्यो सुनंचा."

दिवाळीच्या तोंडाला नातू झाला. रात्री दीड वाजता, तालुक्याच्या दवाखान्यात. मी बाहेर बाकड्यावर बसलो होतो. आतून रडण्याचा आवाज आला तेव्हा बाहेर अवकाळी पाऊस चालू होता, आणि ही पायरीवर उभी राहून हात पुढं करून त्यात भिजवत होती.